ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकाने कॉपी-पेस्ट केलं, तर बाकीच्यांनी का भोगायचं?

समजा, सिंधुदुर्गातल्या एखाद्या कॉलेजात फील्ड प्रोजेक्ट आहे. विषय विजयदुर्ग किल्ला. पाच जणांचा ग्रुप. एकाने फोटो काढले. एकीने गावातल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. एकाने किल्ल्याचा नकाशा काढला. एकीने सगळं एकत्र करून पीडीएफ बनवली. पाचव्याकडे होता 'इतिहास'. त्याने तो सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. बाकीच्यांनी अंगठे दाखवले, 'मस्त झालाय' म्हणाले. वाचला मात्र कुणीच नाही.

आठवड्याने सरांनी पाचही जणांना बोलावलं. इतिहासाची तीन पानं एका वेबसाइटवरून जशीच्या तशी उचललेली होती. पाचही जणांना शून्य मार्क.

हे उदाहरण काल्पनिक आहे. पण तुम्ही कॉलेजात असाल, तर असं काहीतरी तुमच्या वर्गात किंवा शेजारच्या वर्गात नक्की घडलेलं असेल. आणि प्रत्येक वेळी भांडण एकाच प्रश्नावर येतं. चोरी एकाने केली, मग शिक्षा सगळ्यांना का?

उलट बाजूही तितकीच खरी वाटते. प्रोजेक्ट चांगला झाला असता, तर मार्क पाचही जणांनी घेतले असते ना? मग वाईट झाला तेव्हा 'तो भाग माझा नव्हता' कसं चालेल?

हा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा झाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला स्वतंत्र क्रेडिट्स आहेत. म्हणजे प्रोजेक्टचे मार्क थेट पदवीत मोजले जातात. त्यामुळे नियम काय सांगतो, आधी असं कुठे घडलंय आणि तुम्ही स्वतःला कसं सांभाळायचं, हे नीट समजून घेऊया.

आधी हे पाहू: वाङ्मयचौर्य म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत प्लेजियरिझम, मराठीत वाङ्मयचौर्य, बोलताना आपण उचलेगिरी म्हणतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची व्याख्या अगदी सोपी आहे. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, फक्त शब्द उचलणं म्हणजेच चोरी असं नाही. कल्पना, मांडणी, आकृती, नकाशा, आकडेवारी, हे सगळं त्यात येतं. इंग्रजी लेखाचं मराठी भाषांतर करून स्वतःच्या नावाने दिलं, तरी ती उचलेगिरीच.

दुसरी, वाङ्मयचौर्य आणि कॉपीराइटचा भंग या वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक कॉपीराइटमधून मोकळं झालेलं असू शकतं. त्यातला उतारा छापल्याबद्दल कुणी कोर्टात खेचणार नाही. पण तोच उतारा 'मी लिहिला' म्हणून दिलात, तर वाङ्मयचौर्य झालंच. कॉपीराइटचा प्रश्न परवानगीचा असतो. वाङ्मयचौर्याचा प्रश्न प्रामाणिकपणाचा असतो.

उचललेला मजकूर पकडला कसा जातो?

सगळ्यांना वाटतं, सॉफ्टवेअर पकडतं. सॉफ्टवेअर खरं तर फक्त साम्य दाखवतं. ते साम्य चोरी आहे की नीट दिलेला संदर्भ, हे माणसाला ठरवावं लागतं. आणि अनेकदा माणूस पकडतो तो चुकीवरून.

आपल्या काल्पनिक ग्रुपचंच घ्या. विजयदुर्गाबद्दल इंटरनेटवर एक वाक्य शेकडो ठिकाणी फिरतं: '१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला.' किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवले जातात. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा केला जातो.

आता तारखा तपासू. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण खरं आहे. ते पाहायला फ्रेंच शास्त्रज्ञ पिअर झान्सेन भारतात आले होते. पण ते होते आंध्रातल्या गुंटूरला. लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातल्या एका पिवळ्या रेषेचा शोध घेताना पुढे हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर हेलियम वेगळा करून दाखवला तो विल्यम रॅम्झी यांनी, १८९५ मध्ये.

मग लॉकयर विजयदुर्गला आलेच नव्हते का? आले होते. पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. म्हणजे ती पिवळी रेषा दिसल्यानंतर जवळपास ३० वर्षांनी. ग्रहण खरं, लॉकयर खरे, विजयदुर्गही खरा. फक्त दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली. विजयदुर्गाचा मान त्याने कमी होत नाही. १८९८ ची मोहीम स्वतःच मोठी होती.

उचलेगिरीशी याचा संबंध असा. एखाद्या रिपोर्टमध्ये बरोबर माहिती असेल, तर ती कुठून आली हे सांगणं अवघड असतं. पण तीच चूक, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने आली, की शिक्षकाला लगेच कळतं. मूळ लेखातली चूक तुमच्या प्रोजेक्टमध्ये उतरली, की ती चोरीचा ठसा बनते. आणि आपल्या ग्रुपमध्ये तर आणखी गंमत आहे. इतिहास लिहिणाऱ्याने १८६८ लिहिलं, आणि मुलाखती घेणारीला किल्ल्यावर कुणीतरी १८९८ च्या ग्रहणाबद्दल सांगितलं असेल, तर एकाच पीडीएफमध्ये दोन वेगळी साल आली असती. कुणी एकदा जरी पूर्ण रिपोर्ट वाचला असता, तरी तिथेच थांबून विचारलं असतं, 'ह्या कुठसून घेतलंस?'

यूजीसीचा नियम काय सांगतो?

भारतात याबद्दलचा मुख्य नियम आहे यूजीसीचा, २०१८ चा. शैक्षणिक सचोटीला प्रोत्साहन आणि वाङ्मयचौर्याला आळा, असा त्याचा विषय. त्यात प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी साम्याच्या टक्केवारीनुसार चार पायऱ्या आहेत. विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी त्या अशा:

- १० टक्क्यांपर्यंत साम्य: शिक्षा नाही.
- १० ते ४० टक्के: ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारून पुन्हा सादर करायचं.
- ४० ते ६० टक्के: एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही.
- ६० टक्क्यांच्या वर: त्या अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द.

मोजताना काही गोष्टी वगळल्या जातात. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाणित सूत्रं. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही धरले जात नाहीत.

चौकशीची पद्धतही ठरलेली आहे. आधी विभागाची समिती, मग संस्थेची समिती. दोन्हींना नैसर्गिक न्यायाचं तत्त्व पाळावं लागतं. म्हणजे समोरच्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय नाही. प्रत्येक समितीला ४५ दिवसांची मुदत आहे.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही.

हा नियम तुमच्या ग्रुप प्रोजेक्टला लागूच होत नाही!

नियमात कोणतं लिखाण तपासायचं, याची व्याख्या दिली आहे. शोधनिबंध, प्रबंध, पुस्तकं, पुस्तकातली प्रकरणं वगैरे. आणि त्याच व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, कोर्सवर्क, निबंध आणि उत्तरपत्रिका यातून वगळल्या आहेत.

म्हणजे पदवीच्या वर्गातला ग्रुप प्रोजेक्ट यूजीसीच्या या शिक्षेच्या चौकटीत येत नाही. त्यामुळे 'यूजीसीच्या नियमाने १० टक्के चालतं' असं म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. ती टक्केवारी तुमच्यासाठी लिहिलेलीच नाही.

मग काय लागू होतं? तुमच्या विद्यापीठाचा आणि कॉलेजचा स्वतःचा नियम. आणि तो अनेकदा लेखी नसतो. सर म्हणतील तो नियम. एका विभागात पाचही जणांना शून्य, शेजारच्या विभागात फक्त ज्याने उचललं त्याला शून्य, तिसऱ्या ठिकाणी 'पुन्हा करून आणा'. तिन्ही कॉलेजं एकाच विद्यापीठाची असू शकतात.

म्हणून पहिला धडा इथेच. प्रोजेक्ट सुरू होतानाच विचारा, 'एकाच्या भागात उचललेला मजकूर सापडला, तर ग्रुपचं काय होणार?' उत्तर लेखी मिळालं तर उत्तम. निदान ईमेलवर किंवा वर्गाच्या अधिकृत ग्रुपवर. हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. विद्यार्थ्यांना संदर्भ कसे द्यायचे हे शिकवणं आणि याबद्दल जागृतीचे कार्यक्रम घेणं, ही जबाबदारी यूजीसीने संस्थांवरच टाकली आहे.

पाच दिग्गजांचा 'ग्रुप प्रोजेक्ट'

असं फक्त विद्यार्थ्यांच्या बाबतीत घडतं असं वाटत असेल, तर ही गोष्ट वाचा.

२००५ मध्ये केंद्र सरकारने पेटंट कायद्यातल्या प्रश्नांवर एक तज्ज्ञ गट नेमला. अध्यक्ष होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलमध्ये जन्मलेले, मुंबईत वाढलेले, सीएसआयआरचे महासंचालक राहिलेले, मराठी घराघरात आदर असलेले शास्त्रज्ञ. सोबत गोवर्धन मेहता, असिस दत्ता, एन. आर. माधव मेनन आणि मूलचंद शर्मा. पाच जणांचा गट, पाचही आपापल्या क्षेत्रातले मोठे.

प्रश्न साधा नव्हता. औषधांची पेटंटं फक्त पूर्णपणे नव्या रासायनिक घटकांनाच द्यायची, अशी मर्यादा भारताने घातली, तर ती जागतिक व्यापार कराराच्या विरुद्ध जाईल का? यावर औषधांच्या किमती अवलंबून होत्या. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळत गेलं, तर स्वस्त पर्यायी औषध बाजारात यायला तितकाच उशीर होतो.

डिसेंबर २००६ मध्ये अहवाल आला. अशी मर्यादा कराराशी सुसंगत ठरणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. काही आठवड्यांत लक्षात आलं की अहवालातला कळीचा मजकूर कायद्याचे अभ्यासक शामनाद बशीर यांच्या अभ्यासातून जवळपास शब्दशः आला आहे, आणि त्यांचं नाव तिथे दिलेलं नाही. शिवाय तो अभ्यास औषध कंपन्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पैशातून झालेला होता. सरकारला सल्ला देणाऱ्या अहवालात हे कळणं किती गरजेचं होतं, वेगळं सांगायला नको. संदर्भ दिला असता, तर वाचणाऱ्याला ते शोधता आलं असतं. संदर्भ नसल्यामुळे ते झाकलं गेलं.

फेब्रुवारी २००७ मध्ये माशेलकरांनी सरकारला पत्र लिहून अहवाल मागे घेतला. मसुदा एका उपगटाने तयार केला होता, तिथे ही चूक झाली, असं स्पष्टीकरण आलं. २००९ मध्ये सुधारित अहवाल सादर झाला. मुख्य निष्कर्ष मात्र पहिलाच राहिला.

आता हे आपल्या पाच जणांच्या ग्रुपशी जुळवून पाहा. काम वाटून घेतलं होतं. एका छोट्या गटाने लिहिलं. बाकीच्यांनी विश्वास ठेवला. चूक बाहेर आल्यावर 'तो भाग त्यांनी लिहिला होता' हे स्पष्टीकरण आलं, आणि ते खरंही असेल. पण मागे घेतला गेला तो पूर्ण अहवाल, त्या उपगटाची पानं नव्हे. कारण मुखपृष्ठावर पाच जणांची नावं होती.

'कामाचं काय' आणि 'माणसाचं काय' हे दोन वेगळे प्रश्न

मला वाटतं, कॉलेजातली सगळी भांडणं इथे होतात. आपण हे दोन प्रश्न एकत्र करतो.

पहिला प्रश्न: त्या प्रोजेक्टचं काय करायचं? उत्तर सोपं आहे. रिपोर्ट सगळ्यांच्या नावाने दिला, तर त्याचा परिणामही सगळ्यांवर. तो परत करावा लागेल, उचललेल्या भागाला मार्क मिळणार नाहीत, कदाचित पूर्ण प्रोजेक्ट नापास होईल. ही कुणा एकावरची शिक्षा नाही. सदोष काम परत घेणं आहे. इथे 'तो भाग माझा नव्हता' हे उत्तर चालत नाही.

दुसरा प्रश्न: कोणत्या माणसाला दोषी ठरवायचं? कुणाच्या नावावर शिस्तभंगाची नोंद करायची? कुणाला परीक्षेला बसू द्यायचं नाही? इथे सरसकट 'पाचही जण' म्हणणं अन्यायाचं आहे. इथे कुणी काय केलं, कुणाला काय माहीत होतं, हे पाहावंच लागेल.

कायद्यातही साधारण असाच विचार दिसतो. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संयुक्त लेखनाची व्याख्या आहे. दोन किंवा अधिक जणांनी मिळून केलेलं असं काम, ज्यात एकाचं योगदान दुसऱ्याच्या योगदानापासून वेगळं काढता येत नाही. तो कायदा हक्कांबद्दल आहे, कॉलेजच्या शिक्षेबद्दल नाही. पण त्यातला प्रश्न आपल्या कामाचा आहे. तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुणाचं काय हे वेगळं दाखवता येतं का? येत असेल, तर दोषही वेगळा ठरवता येतो. येत नसेल, तर सगळेच अडकतात.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने तर लेखक कुणाला म्हणायचं याच्या अटींमध्ये २०१३ साली एक अट वाढवली. लेखात नाव हवं असेल, तर कामाच्या कोणत्याही भागाच्या अचूकतेबद्दल किंवा सचोटीबद्दल प्रश्न आला, तर त्याची नीट चौकशी होऊन तो सुटेल, याची जबाबदारी घ्यायची. यातला शब्द नीट पाहा. 'प्रत्येक चूक तुझीच' असं ही अट म्हणत नाही. 'प्रश्न आला तर पाठ फिरवायची नाही' असं म्हणते.

मग ग्रुपमधल्या कुणाची किती जबाबदारी?

आपल्या पाच जणांकडे परत बघू. तीन प्रश्न विचारले, की चित्र बरंच स्पष्ट होतं.

एक, उचललं कुणी? इतिहास लिहिणाऱ्याने. मुख्य दोष त्याचा. 'वेळ नव्हता', 'सगळेच करतात' ही कारणं आहेत, बचाव नाही.

दोन, माहीत कुणाला होतं? समजा, पीडीएफ बनवणारीला फॉन्ट बदललेला दिसला. मध्येच निळ्या रंगातल्या लिंक दिसल्या. तिने त्या गुपचूप काळ्या केल्या. आता ती निव्वळ सहप्रवासी राहिली नाही. कळूनही लपवलं, की दोषात वाटा आलाच.

तीन, कळायला हवं होतं कुणाला? फोटो काढणारा आणि नकाशा काढणारा यांना काहीच माहीत नव्हतं. पण स्वतःच्या नावाने जाणारा रिपोर्ट त्यांनी एकदाही वाचला नाही. हा निष्काळजीपणा आहे, चोरी नाही. दोन्हीला एकच शिक्षा देणं बरोबर नाही. पण 'आमचा काहीच संबंध नाही' हेही बरोबर नाही.

आणि चौथा प्रश्न, जो विद्यार्थी विचारायला घाबरतात. शिक्षकांची जबाबदारी किती? पीएच.डी.च्या बाबतीत मार्गदर्शकाला 'हे काम वाङ्मयचौर्यमुक्त आहे' असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पदवीच्या प्रोजेक्टला तसं बंधन नाही. पण विषय दिला जूनमध्ये आणि रिपोर्ट पाहिला थेट शेवटच्या दिवशी, मधे एकही कच्चा मसुदा मागितला नाही, तर ही व्यवस्थाच कॉपी-पेस्टला आमंत्रण देणारी आहे.

सगळ्यात कमजोर माणसावर ढकलणं

गटातली चूक बाहेर आली, की आणखी एक गोष्ट घडते. बोट खाली वळतं.

२०११ मध्ये शास्त्रज्ञ सी. एन. आर. राव सहलेखक असलेल्या एका शोधनिबंधात असं झालं. प्रस्तावनेतली काही वाक्यं आधी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका निबंधातून जशीच्या तशी आली होती. लेखकांनी त्याच नियतकालिकात माफी मागितली. ती वाक्यं विद्यार्थ्याने घेतली होती असं पुढे आलं आणि देशभर चर्चा सुरू झाली. विद्यार्थ्याने चूक केली असेल, पण निबंध पाठवण्याआधी वाचायची जबाबदारी ज्येष्ठ लेखकांची नव्हती का?

ग्रुप प्रोजेक्टमध्ये सर किंवा राव नसतात, पण चढउतार असतातच. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे, जो एसटीने दोन तास प्रवास करून येतो, ज्याच्याकडे लॅपटॉप नाही आणि जो मोबाइलवर टाइप करतो, त्याच्याकडे अनेकदा सगळ्यात जास्त लिहायचा भाग येतो. कारण 'फोटो आणि डिझाइन आम्ही करतो' म्हणणारे आधीच मोकळे झालेले असतात. त्याने उचललं, तर ते चूकच. पण काम वाटताना कुणाच्या वाट्याला काय आलं आणि त्याने मदत मागितली तेव्हा काय उत्तर मिळालं, हेही चौकशीत यायला हवं.

आता कामाचं: तुम्ही काय करायचं?

*सुरुवातीला*

- कुणी कोणता भाग करायचा, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. तारखेसकट.
- एकच गुगल डॉक वापरा आणि प्रत्येकाने आपापल्या अकाउंटवरून लिहा. त्यातली व्हर्जन हिस्टरी कुणी काय, कधी टाकलं हे दाखवते. वाद झाला, तर हाच तुमचा सगळ्यात मजबूत पुरावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली आणि एकाच लॅपटॉपवर जोडलेली फाइल हे सांगू शकत नाही.
- सबमिशनच्या आधी किमान तीन दिवसांची आतली डेडलाइन ठेवा.

*लिहिताना*

- मजकूर कुठून घेतला, हे घेतानाच लिहा. नंतर आठवत नाही.
- प्रत्येक भाग दुसऱ्या एकाने वाचायचा. शंका आली, तर एखादं वाक्य अवतरणचिन्हात टाकून गुगलवर शोधा. दोन मिनिटांचं काम आहे.
- एआय वापरलं असेल, तर ग्रुपला सांगा आणि रिपोर्टमध्येही नोंदवा. एआय पुस्तकांची, लेखांची खोटी नावंही देऊ शकतं. प्रत्येक संदर्भ खरंच अस्तित्वात आहे का, ते उघडून पाहा.
- शेवटच्या पानावर 'कुणी काय केलं' असा तक्ता द्या. विज्ञानाच्या अनेक नियतकालिकांमध्ये आता सहलेखकांच्या १४ प्रकारच्या भूमिका नोंदवायची पद्धत आहे. तुम्हाला चार-पाच ओळी पुरतील.

*उचललेलं सापडलं आणि सबमिशन झालेलं नाही*

- आधी त्या मित्राशी खासगीत बोला. ग्रुपवर टोमणा मारू नका. अनेकांना संदर्भ कसा द्यायचा हेच माहीत नसतं.
- तो भाग पुन्हा लिहायला मदत करा. वेळ नसेल, तर उतारा अवतरणचिन्हात टाका आणि स्रोत लिहा. साधा दिसेल, पण प्रामाणिक असेल.
- तो ऐकतच नसेल, तर शिक्षकांना सबमिशनच्या आधी कळवा. आधी सांगणं आणि पकडल्यावर सांगणं यात फार फरक पडतो.

*रिपोर्ट गेला आणि चौकशी लागली*

- घाबरून चॅट डिलीट करू नका. तेच तुम्हाला वाचवू शकतात.
- पाचही जणांनी 'आम्ही सगळ्यांनी मिळून केलं' असं ठरवून खोटं बोलू नका. ती मैत्री वाटते, पण त्यात चार निर्दोष माणसं दोषी होतात. एकाला एकटं पाडून चौघांनी गोष्ट रचणं तर त्याहून वाईट.
- कोणत्या नियमाखाली कारवाई होतेय, हे लेखी विचारा. आपलं म्हणणं मांडण्याची संधी मागा.
- स्वतःची चूक असेल तेवढी मान्य करा. 'मी लिहिलं नाही, पण वाचलंही नाही' हे खरं असेल, तर तेच सांगा.

श्रेयाचा हिशेब

१८९८ मध्ये लॉकयर विजयदुर्गला आले, तेव्हा ग्रहणाचं काम त्यांनी एकट्याने केलं नाही. एका ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला होते. त्या निरीक्षणांच्या अहवालावर लॉकयर यांच्यासोबत युद्धनौकेचे कप्तान चिशोम-बॅटन आणि कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेडलर यांचीही नावं आहेत.

त्याआधी १८६८ मध्ये झान्सेन आणि लॉकयर यांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली होती. पहिला कोण, यावर भांडण होऊ शकलं असतं. फ्रान्सने दोघांचेही चेहरे असलेलं पदक काढलं.

ज्याचं जितकं काम, तितकं त्याचं नाव. श्रेय असं मोजून लिहायची सवय लागली, की चूक झाल्यावर दोषही मोजून ठरवता येतो. आपल्या प्रोजेक्टच्या मुखपृष्ठावर मात्र पाच नावं अकारविल्हे असतात, आणि आत कुणी काय केलं याचा पत्ता नसतो.

तुमचा पुढचा ग्रुप बनेल तेव्हा पहिल्याच दिवशी हा मेसेज टाका:

'सगळ्यांनी आपापला भाग स्वतःच्या अकाउंटवरून डॉकमध्ये लिहा. कुठून काय घेतलं ते तिथेच खाली टाका. तीन दिवस आधी प्रत्येक जण पूर्ण रिपोर्ट वाचणार. न वाचता कुणाचंही नाव मुखपृष्ठावर जाणार नाही.'

हा एवढा मजकूर तेवढा बिनधास्त कॉपी-पेस्ट करा.